पिवळं न होणारं पाणी

परळच्या टॉवरमध्ये सगळ्यात वरचा फ्लॅट घेतल्यावर माझ्या धाकट्या भावाने गच्चीवर स्विमिंग पूल बांधून घेतला. पूल कसला, दोन डबल बेड शेजारीशेजारी मावतील एवढा हौद. घरात पोहता कुणालाच येत नाही. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फोनवर मोठमोठ्याने बोलतो आणि भावजय काठावर बसून, पाय बुडवून फोटो काढून घेते. आम्ही वाढलो त्या चाळीत नळाखाली आधी कळशी कुणाची, यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. त्याच चाळीतला हा माणूस आता "ताई, पूलसाइडला बस ना" म्हणतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

तरी मी रोज सकाळी दादरहून तिथे जायची. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं, आणि फुकटचा हौद सोडावा इतकी काही मी तत्त्वाची नाही. घरी गुडघ्यांना तेल चोळायचं, टॅक्सी पकडायची आणि सातला पाण्यात उतरायचं, असा माझा नेम होता.

हौदाची देखभाल करायला वरळी कोळीवाड्यातला एक पन्नाशीचा, अबोल माणूस यायचा. संध्याकाळी क्लोरीनची पावडर टाकायचा, जाळीने कचरा काढायचा, फडक्याने कडेच्या टाइल्स पुसायचा. गणपती झाल्यावर पाणी धुरकट दिसायला लागलं. भाऊ म्हणाला, "ताई, तू केमिस्ट्री शिकवायचीस ना? बघ जरा काय भानगड आहे ती."

गिरगावातल्या शाळेत मी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. त्या हौदावर एवढं शिकलेलं माणूस दुसरं कुणी नव्हतं, आणि हे मला न सांगताही चांगलं ठाऊक होतं. तपासणी सोपी होती. नळीत हौदाचं पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. रोज आठला पाण्यातून बाहेर आले की मी टॉवेल गुंडाळून नळी भरायची. आठ दिवसांत पाणी एकदाही पिवळं झालं नाही.

मी त्या माणसाला विचारलं, "तू पावडर टाकतोस की नुसता डबा वाजवतोस?"

"टाकतो बाई. संध्याकाळी जाताना बघतो, तेव्हा पिवळं असतंय." मग पाण्याकडे बघत तो म्हणाला, "उतरायच्या आधी सगळ्यांनी साबण लावून आंघोळ केली तर बरं होईल."

मला हसू आलं. भावजयीच्या तोंडावर क्रीमचे थर असतात. खरवडले तर वाटीभर निघेल. हा माणूस तिलाच टोमणा मारतोय असं मी धरून चालले. पण पाय बुडवणाऱ्या बाईच्या तोंडावरचं क्रीम पाण्यात जाईल कसं, हे या विदुषीच्या डोक्यात आलं नाही.

मग मी माझा प्रयोग केला. हौद ज्या नळाने भरतात त्याच नळाचं पाणी एका बादलीत घेतलं, संध्याकाळी माझ्या हाताने त्यात चिमूटभर पावडर टाकली आणि रात्री तेलाच्या बाटलीसकट तिथेच मुक्काम केला. सकाळी नेहमीप्रमाणे पाण्यात चालून आल्यावर दोन्ही तपासली. बादलीतलं पाणी पिवळं आलं, आणि हौदातलं नेहमीसारखं बिनरंगाचं. नाश्त्याला मी निकाल सांगितला, "पाण्यात दोष नाही. हौदात पावडर पडतच नाहीये."

"विकत असणार साला," भाऊ म्हणाला. मी त्याला अडवलं नाही.

संध्याकाळी त्या माणसाला कामावरून काढलं. तो भावाशी बोललाच नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, होडी तर विकली. पक्कं म्हणावं असं हे एकच काम हाय माझं."

"प्रयोग खोटं बोलत नाही," मी म्हटलं. त्याने हातातलं फडकं कठड्यावर वाळत घातलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ स्वतः पावडर ओतायला लागला. त्याच सुमारास मला ताप आला आणि तीन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. "ताई, पिवळंधमक! चोर गेला, क्लोरीन आलं!" मलाही बरं वाटलं. माझा निकाल बरोबर ठरला होता.

बरी झाल्यावर गेले, अर्धा तास चालले, बाहेर आले आणि नळी भरली. पाणी पुन्हा बिनरंगाचं.

मी तिथेच बसले. कडेच्या टाइल्सवर पाण्याच्या पातळीला एक चिकट रेघ दिसली. ती रोज पुसणारा माणूस आता नव्हता. मी तिच्यावरून बोट फिरवून हुंगलं. माझ्या गुडघ्याचं तेल. पाण्यातलं सगळं क्लोरीन त्या तेलावर खर्च होत होतं. नळी आधी स्वच्छ धुवा म्हणून मी तीस वर्षं मुलींवर ओरडले, आणि इथे अख्खी तेलकट बाई हौदात बुडवून काढायची नि मग नमुना घ्यायचा, ही माझी शास्त्रीय पद्धत.

भावाला सांगितलं. फोनवरून मान वर न करता तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई. आता एजन्सीचा माणूस ठेवलाय." एरवी अशा वेळी मला त्याची किळस येते. त्या दिवशी तेवढाही अधिकार मला उरला नव्हता.

वॉचमनकडून त्या माणसाचा नंबर घेतला. तो मेव्हण्याकडे मासळी निवडायला जात होता. पाठीमागे बायकांचा कालवा ऐकू येत होता. मी माफी मागितली, तर म्हणाला, "असू द्या बाई."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फडक्याला वास यायचा ना तेलाचा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. सगळ्यांनी आंघोळ करा म्हटलं होतं." पलीकडे त्याने टोपली ओढल्याचा आवाज आला. "तुम्ही सोडून, असं कुठं म्हटलं होतं?"