वाडीत बांधलेली होडी

माझं डोकं लवकर तापतं. आता वयानं थोडं निवलंय, पण तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं त्या वर्षांत तर विचारूच नका. मी सव्वीस वर्षांचा होतो. बांधकामाच्या गोदामात सिमेंटच्या गोण्यांची आवक-जावक बघायचो आणि चिंचणीहून रोज सायकल मारायचो. घरची चिकूची, नारळाची वाडी. समुद्र घरापासून हाकेवर, पण आमच्या सात पिढ्यांत कुणी गुडघ्यावर पाण्यात गेलेलं नव्हतं. वाडीवाल्यांनी झाडं बघायची आणि दर्या मच्छीमारांनी, असं जणू ठरूनच गेलं होतं. आणि मला हवी होती शिडाची होडी. मासे मारायला नाही, नुसती फिरायला.

"फिरायला देवानं पाय दिलेत," आई म्हणाली. "होडीत बसून कुठं जाणारेस, मस्कतला?"

मी चिडलो आणि तिथंच होडी पक्की झाली. माझं असंच असतं. कुणी नको म्हटलं की मला ते हवंच.

गावात होड्या बांधणारे एक म्हातारे मिस्त्री होते. किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या. पण गेली दोन वर्षं त्यांनी नवं काम धरलं नव्हतं. त्यांच्याकडं जाताना मला वाटलं, वाडीवाल्याचे चोचले म्हणून हाकलून देतील. तर ते लगेच हो म्हणाले. अटी मात्र दोन. होडी किनाऱ्यावर नाही, माझ्या वाडीत, कुंपणाच्या आत बांधायची. आणि हाताखाली दुसरा सुतार आणायचा नाही.

"तुझी होडी तूच बांध," म्हणाले. "मी सांगतो तसं करायचं. ऐतवारी ऐतवारी."

मी हुरळून गेलो. वाटलं, म्हाताऱ्यानं आपल्यात काहीतरी पाहिलं असणार.

पहिल्याच आठवड्यात गावचा मोठा तांडेल वाडीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. दोन होड्यांचा मालक, आवाज असा की खाडीपलीकडं तारापुरात ऐकू जावा. त्याला तिसरी, मोठी होडी बांधायची होती. ती मिस्त्रींना द्यावी की गुजरातेतून कारागीर आणावा, याचा त्याला निर्णय होत नव्हता.

"मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण तुमी दोन वर्सं हत्यार धरलेलं नाय. ही वाडीवाल्याची होडी धड उतरली, तर माझी होडी तुमची. नायतर तुमी आता आराम करा."

मिस्त्री वाकस उचलून लाकूड तासत राहिले. माझी होडी म्हणजे माझी हौस, हे मी धरून चाललो होतो. तिच्यावर एका माणसाची भाकरी आणि नाव टांगलेलं आहे, हे त्या दिवशी कळलं.

काम सुरू झालं आणि माझी मस्ती उतरली. होडीच्या फळ्या नुसत्या शेजारी शेजारी ठोकत नाहीत. खालच्या फळीच्या कडेला खाच, वरच्या फळीची कड त्या खाचेत. गेरू तेलात कालवायचा, खालच्या कडेला फासायचा, वरची फळी तिच्यावर दाबून बसवायची आणि परत काढायची. जिथं लाल लागला तिथं ती टेकते. जिथं लाकूड कोरं राहिलं तिथं फट. मग टेकलेला भाग पटाशीनं कणभर उतरवायचा, पुन्हा गेरू, पुन्हा दाबायची, पुन्हा काढायची. कड या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होईस्तोवर हेच. त्यानंतर मधे कापूस भरून खिळे. एका फळीला दोन-दोन रविवार जायचे. गोदामातले माझे दोस्त तेव्हा बोईसरला सिनेमा बघायला जायचे आणि मी हा असा, कोपरापर्यंत लाल.

पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. सागाचा वास अंगाला यायचा. बाभळीचा वाकडा ओंडका बघितला की त्यात होडीची फासळी दिसायची. बेटेगावला एका लग्नाला गेलो तर जेवण सोडून मी मांडवाच्या मेढींचं लाकूड निरखत बसलो. आई म्हणाली, "याला आता बायको नको, फळी आणून द्या."

फळी काढली की मिस्त्री दर वेळी विचारायचे, "लाल लागला का रं?" मी जवळ जाऊन बघायचो आणि सांगायचो, इथं लागला, तिथं चार बोटं कोरं आहे. मला वाटायचं, परीक्षा घेतायत.

एका रविवारी तेलाचं डबडं आणि गेरूचं डबडं शेजारी शेजारी होतं. मिस्त्रींनी कुंचला बुडवला तो तेलाच्या डबड्यात. सगळ्या कडेला नुसतं तेल फासलं, अगदी मन लावून. माझ्या तोंडावर आलं होतं, "अहो, लक्ष कुठाय?" आणि मग मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी गप्प बसून गेरूचं डबडं त्यांच्या हाताशी सरकवलं. डबडं दगडावर घासलं त्याचा आवाज झाला. त्यांचा हात थांबला.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "तुझा आकार दिसतो. तोंड नाय दिसत. रंग तर नायच. मोतीबिंदू हाय म्हणतात. दवाखान्याची मला भीती वाटते बाबा. कुणाला बोलशील?"

"नाही बोलणार."

मग सगळा उलगडा झाला. कुंपणाच्या आतली जागा, हाताखाली दुसरा सुतार नको, दर वेळचं ते विचारणं. म्हाताऱ्यानं माझ्यात काही पाहिलं नव्हतं. त्यांना फक्त माझे डोळे हवे होते. क्षणभर राग आला, आणि मग इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत पोचवून आलो.

आता माझी करणी सांगतो.

वैशाखातला रविवार होता. वरून चौथी फळी. सकाळपासून पाच वेळा बसवली आणि पाच वेळा काढली. घामाच्या धारा, पोटात कावळे, आणि आईनं जेवायला तीनदा हाक मारलेली. सहाव्यांदा फळी चढवली. मिस्त्रींनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, ते नेहमीच फिरवायचे. एका जागी नख थांबलं. फळी काढली.

"लाल लागला का रं?"

मी बघितलं. मधे नखाएवढी जागा कोरी होती. एवढीशी! आत कापूस बसेल, वरून डांबर येईल, काय होतंय? मी म्हणालो, "लागला."

"सगळीकडं?"

"लागला म्हटलं ना!"

"मधल्या फासळीपाशी बघ बरं एकदा."

आणि माझं टाळकं सटकलं. "मला डोळे आहेत, मिस्त्री!"

असं बोललो मी. त्या माणसाला! शब्द तोंडातून गेला आणि मला तो परत गिळावासा वाटला. पण मी माफी मागितली नाही आणि खरंही सांगितलं नाही. मिस्त्रींनी अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटानं चाचपलं. मग म्हणाले, "बरं. कापूस आण." फळी ठोकली. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

पावसाळा सरल्यावर पौर्णिमेच्या उधाणाला होडी काढली. बैलगाडीवर घालून किनाऱ्यावर नेली, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. वाडीवाल्याची फजिती बघायला अर्धं गाव जमलं होतं. तांडेल हाताची घडी घालून पुढंच उभा. होडी पाण्यात उतरली आणि सरळ तरंगली, तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी आणि मिस्त्री आत होतो. त्यांनी मला शीड चढवायला लावलं, वारा भरला आणि होडी अशी काही निघाली की काय सांगू! इंजिन नाही, वल्हं नाही, नुसता वारा, आणि मी स्वतः तासलेलं लाकूड माझ्या पायाखाली चालत होतं. मला रडू आलं. मिस्त्री हसत होते. सुकाणू त्यांच्या हातात होतं. तोंडावर वारा घेऊन ते दिशा सांभाळत होते, त्याला डोळे लागत नव्हते.

शीड भरून होडी कलली तशी चौथी फळी पाण्याखाली गेली. आधी माझे तळवे ओले झाले. मग घोटे.

"पाणी कुठनं येतंय?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांचं हसू गेलं होतं. मी शीड उतरवलं आणि डबड्यानं पाणी उपसायला लागलो. भरतीनं आत लोटलं म्हणून कसेबसे किनाऱ्याला लागलो, तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

तांडेल पाण्यात शिरला, वाकून बघितलं आणि बोट ठेवलं ते नेमकं तिथंच, मधल्या फासळीपाशी. मोठा सुस्कारा सोडून म्हणाला, "मिस्त्री, झालं हो तुमचं." त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हे जास्त वाईट. मिस्त्री कंबरभर पाण्यात होडीला धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

खरं सांगावं तर सगळ्यांना कळणार, म्हातारा दुसऱ्याच्या डोळ्यांनी काम करतो. गप्प बसावं तर त्यांच्या हाताला बट्टा. मी ओरडलो, "ती फळी मी बसवली!"

"तू?"

"एका रविवारी मिस्त्रींना बरं नव्हतं. मला घाई झाली होती. मी माझ्या मनानं बसवली, वर डांबर फासलं आणि त्यांना बोललो नाही."

मिस्त्रींनी मान वर केली. पुढच्या क्षणाला सण्णकन माझ्या कानाखाली बसली. "हरामखोरा! माझ्या माघारी होडीला हात लावलास? तुझ्या बापानं बांधली व्हती रं होडी कवा?" पुढचं लिहिण्यासारखं नाही. गाव पोट धरधरून हसलं. आई शेजारणीला म्हणाली, "बरी मारली. मलाच मारायची होती." मी गाल चोळत उभा होतो आणि आतून सुटल्यासारखं वाटत होतं.

तांडेल एवढ्यावर सोडणारा नव्हता. "ठीक हाय," म्हणाला. "पुढल्या ऐतवारी ती फळी काढा नि परत बसवा. मी येतो बघायला."

सगळे गेल्यावर आम्ही दोघं वाळूत बसलो. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी खोटं बोललो. नखाएवढी जागा कोरी होती."

"म्हाईत हाय."

"माहीत होतं? मग ठोकली कशाला?"

त्यांनी आपले हात डोळ्यांसमोर धरले. दिसत तर काही नसणार. "नख आडकलं व्हतं तिथं," म्हणाले. "पण तू म्हणालास, लागला. तुझे डोळे तरणे. मी म्हटलं, डोळे गेले ते गेले, आता बोटंबी गेली. चार महिने झाले, रोज उठून मी हेच म्हणतो, बोटंबी गेली."

थप्पड खाल्ली तेव्हा मी रडलो नव्हतो. तिथं वाळूत बसून रडलो. लाज वाटली नाही.

आठवडाभर गोदामात माझं लक्ष नव्हतं. युक्ती शोधत होतो. तांडेलासमोर "कोरं आहे" म्हणून ओरडता येणार नाही. मग ठरवलं, कोरी जागा दिसली की तिथं उभं राहून खोकायचं. शनिवारी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "खोकशील तर दुसरी खाशील."

होडी गाडीवर घालून परत वाडीत आणली होती. रविवारी तांडेल नारळाच्या ढिगाऱ्यावर टेकून बसला. आम्ही जुनी फळी काढली, नवी घेतली. मिस्त्रींनी स्वतः गेरू फासला. डबडं बरोबर घेतलं होतं, मी श्वास रोखून बघत होतो. फळी चढवून दाबली. त्यांनी सांध्यावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि एका टोकापासून चालायला लागले, सावकाश. एका जागी थांबले, नखानं बाहेरून चरा ओढला. पुढं गेले, दुसरा चरा. शेवटाला तिसरा.

"काढ."

मी फळी काढून उलटी केली. तांडेल उठून माझ्या खांद्यावरून वाकला. लाल कडेत तीन जागा कोऱ्या होत्या आणि तिन्ही चऱ्यांच्या नेमक्या समोर. मी पुन्हा टोकापासून टोकापर्यंत बघितलं. चौथी नव्हती.

तांडेलानं दाढी खाजवली. "दिवाळीनंतर माझं लाकूड येतंय, मिस्त्री," म्हणाला. "जागा तेवढी सांगून ठेवा."

मिस्त्री मधल्या चऱ्यावर अंगठा ठेवून माझ्याकडं वळले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "लाल लागला का रं इथं?"

"नाही लागला, मिस्त्री."

"नायच लागायचा," ते म्हणाले, आणि पटाशीसाठी हात पुढं केला.