मंगलाची बोटं आणि गेटवरचा तिवारी

विमान साफ करताना सीटखाली काय काय सापडतं ते माझी सून मंगला रोज सांगते. एकच मोजा, अर्धा लाडू, एकदा तर कुणाची कवळी! किस्स्यांचंही तसंच असतं. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण हात घातला की निघतातच. आमचं घर मनीषनगरात, विमानतळ काही लांब नाही. ड्युटी सुटली की मंगलाच्या सोबतची माणसं आमच्या ओसरीवर तर्री-पोहे खायला टेकतात. ती बोलतात, मी ऐकते. शाळा मी पाहिली नाही, म्हणून मी सांगते आणि नात उतरवते. पण एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही.

*

एक दिवस नोटीस लागली. फोटोचे जुने पास बंद! आता नवीन कार्ड, त्यासाठी दहाही बोटांचे ठसे द्यायचे. ज्याच्याजवळ कार्ड नाही, त्याला एक तारखेपासून गेटच्या आत पाय ठेवता येणार नाही.

मला हसू आलं. म्हटलं, "जनमभर मले अंगठाछाप म्हणून चिडवलं. आता इंजिनिअरलेही म्हणतात, अंगठा लाव!"

विमानाचे इंजिनिअर जोशीसाहेब समोरच पोहे खात होते. प्लेट खाली ठेवून म्हणाले, "आजी, तुम्ही कशासाठी अंगठा लावता ते तुम्हाला ठाऊक असतं. आमचा कुठंकुठं फिरणार ते कोणी सांगायला तयार नाही."

*

मंगला भिवापूरची. लग्नाआधी हंगामभर मिरचीची देठं खुडायची, आणि इथं आल्यावर नऊ वर्षं विमानातले संडास घासले. बोटं कशी, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. मशीनवर ठेवली की लाल दिवा!

ठसे घेणारा बाबू म्हणाला, "लिंबू चोळा."

चोळलं. लाल.

"लोणी लावा. चार दिवस पाण्यात हात घालू नका."

चार दिवस मी तिला भांड्याला शिवू दिलं नाही. पाचव्या दिवशी गेली. लाल!

बाबू वैतागला. "बाई, बोटं जरा नीट घासून या नं!"

"घासून घासूनच तं गेली नं गा!"

सारी रांग हसली, तीही हसली. घरी आल्यावर मात्र मोरीपाशी बसून रडली. माझा पोरगा आजारी, धंतोलीतल्या दवाखान्याच्या खेपा दोन वर्षांपासून चालू आहेत. घर तिच्या गळ्यातल्या त्या पासावर उभं आहे. पास गेला की काय राहिलं?

*

सामान चढवणाऱ्यांचे पुढारी वासुदेवभाऊ. बोलणं कमी, पण बोलले की बॅग आदळल्यासारखं. त्यांनीही ठसे दिले नव्हते, म्हणून विमानतळाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून गोडीत सांगितलं, "भाऊ, तुमची बोटं पहिल्या झटक्यात येतात. तुम्ही कशाला अडता?"

विमानतळावर एक नियम आहे. प्रवासी विमानात चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात. धन्याशिवाय सामान उडत नाही.

वासुदेवभाऊ म्हणाले, "साहेब, माणूस नसला तं बॅग उतरवा, हा तुमचाच नियम. आता माह्यं बोट एकटंच तुमच्या मशीनमंधी बसून जाईन, अन् मी राहीन इथं. असं सामान मी चढू देत नाही!"

"अहो, ते सुरक्षित राहील."

"कोणाजवळ?"

साहेबांनी टेबलावरचे कागद चाळले.

"पाहा! या सामानाले टॅगही नाही!"

*

त्या दिवसापासून ठरलं. मंगलाचं काही होत नाही तोवर कोणी बोट द्यायचं नाही. मंगला संकोचली. माझ्यासमोरच म्हणाली, "भाऊ, तुमी सारे घेऊन टाका कार्ड. माह्यासाठी काहून नोकरी घालता?"

"तुह्यासाठी नाही वं," वासुदेवभाऊ म्हणाले. "अजून दहा वर्षं बॅगा ओढल्या की माह्या बोटाचंही असंच होईन."

दुसऱ्या दिवशी सारी शिफ्ट मशीनपुढं रांगेत उभी राहिली, हातात हातमोजे घालून!

"हातमोजे काढा!" साहेब ओरडले.

सगळ्यात पुढं जोशीसाहेब. त्यांनी खिशातून कागद काढला. "ड्युटीवर हातमोजे काढू नयेत, असं परिपत्रक आहे, सर. खाली सही तुमचीच आहे."

ज्याच्या सहीशिवाय विमान उडत नाही, तो माणूस संडास घासणारीसाठी रांगेत पुढं उभा! मी त्यांना त्या दिवशी पोह्यांवर दोनदा तर्री वाढली.

*

आता गेटवरचा तिवारी. एवढा कडक माणूस मी ऐकला नाही. एकदा घाईत डबा विसरला, म्हणून बिचारी बायको रिक्षा करून गेटवर आली. तिवारीनं तिलाच विचारलं, "पास?"

"अठारह साल से ब्याही हूँ तुमको!"

"वो ठीक है. पास?"

बायकोनं डबा घरी परत नेला आणि स्वतः जेवली! वासुदेवभाऊ म्हणतात, "यम न्यायले आला तं हा त्यालेही पास विचारीन."

*

आणि एक तारीख उजाडली. हे मला तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि तिघांचंही तंतोतंत जुळलं.

सकाळी गेटवर मंगला, गळ्यात जुनाच पास. मागं वासुदेवभाऊ, जोशीसाहेब, सारी शिफ्ट. कोणाजवळच नवीन कार्ड नाही. समोर तिवारी, आणि त्याच्या टेबलावर साहेबांचा लेखी हुकूम. आत पहिलं विमान येऊन थांबलेलं. न झाडता ते परत उडणार कसं?

तिवारीनं रोजच्यासारखा मंगलाचा पास हातात घेतला. फोटो पाहिला. तोंड पाहिलं. परत फोटो पाहिला.

मग त्यानं रजिस्टर ओढलं, काहीतरी लिहिलं, आणि दांडा वर केला. "जाइए. विमान खड़ा है."

तिच्यामागं एकेकाचा पास पाहिला, एकेकाचं तोंड पाहिलं, एकेकाचं नाव लिहिलं. विमान वेळेवर सुटलं.

मग साहेब धावत आले. "कार्ड नाही, ठसे नाहीत! सोडलंस कशाच्या आधारावर?"

तिवारी उठला. सलाम ठोकला. रजिस्टर साहेबांकडं फिरवलं. मंगलाच्या नावापुढं, 'ओळखीचा पुरावा' या रकान्यात, त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

"नौ साल से रोज़ देखता हूँ."