ओळख परेडीतला एकटा सावळा

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, पुढील निवेदन अत्यंत गंभीर असून ते चहात बिस्किट बुडवत वाचू नये.

ती केस आठवली की आजही मला मिशीत हसू येतं. महाराष्ट्र पोलिसांतून निरीक्षक असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली, बायकोच्या नोकरीमागे जर्मनीत कार्ल्सरूहेला आलो, आणि माझी सर्वांत देखणी केस मला वर्दी उतरवल्यावर मिळाली.

खबर दिली बायकोच्या धाकट्या भावाने, फोनवर. तो शेजारच्या शहरात इंजिनिअर. ट्राममध्ये एका आजींची पर्स कुणीतरी पळवली. वर्णन: सावळा, पाठीवर सॅक. पुढच्याच स्टॉपवर पोलिसांना हा आमचा मेव्हणा दिसला, सावळा आणि सॅकवाला. पर्स त्याच्याकडे मिळाली नाही, पण ओळख परेडीत आजींनी त्याच्याकडेच बोट दाखवलं.

"दाजी, गुन्हा लागला तर व्हिसा गेला. पोरांना घेऊन परत," एवढंच तो म्हणाला.

त्याच्या वकीलबाईंबरोबर मी ठाण्यात गेलो. तपास करणाऱ्या तिथल्या साहेबांचं इंग्रजी फर्डं होतं. त्यांनी लगेच कॉफी मागवली. ठाणं कुठल्याही देशातलं असो, कॉफी इतक्या लवकर आली की समजावं, साहेबांना विषय नको आहे. वकीलबाईंनी परेडीचा फोटो टेबलावर ठेवला. सगळे गोरेपान, आणि मधोमध आमचा मेव्हणा, दहीभातातल्या मोहरीसारखा. आजी बिचाऱ्या दुसऱ्या कुणाला दाखवणार?

साहेब तापले. आपल्याला वंशद्वेष्टा म्हणता का, आपण रंग पाहतच नाही, आपला दंतवैद्य इराणी, योगशिक्षिका केरळची, असं बरंच ऐकवलं. वकीलबाई सरसावल्या, तशी मी त्यांना नजरेनेच थांबवलं. बचावाला बसलेल्या माणसावर आरोप टाकला की तो कडी लावून घेतो. त्याला कामाची पद्धत विचारावी, मग तो खुलतो.

"साहेब, माझी तक्रार तुमच्याबद्दल नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे परेडीसाठी आरोपीसारखी दिसणारी माणसं शोधताना घाम फुटायचा. तुम्ही कुठून आणता?"

ठाण्यातलेच कर्मचारी साध्या कपड्यांत उभे करतो, त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"मग त्यांतला एखादा सावळा का नाही घेतला?"

पुढे ती ओळख बाद धरली गेली आणि मेव्हणा सुटला. साहेब मनाने वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तरीही त्यांच्या खात्याच्या रोजच्या सोयीपायी एक निरपराध माणूस देशाबाहेर जायची वेळ आली होती. हे त्यांना ओरडून कुणी पटवू शकलं नसतं. माझ्या त्या साध्या प्रश्नावर मात्र ते स्वतःच उसळून बोलून गेले:

"घेऊ कुठून? अख्ख्या ठाण्यात तसा एकही नाही!"