साजिदाच्या सायकलचा चिमटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. साजिदाला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीटसं कळत नाही. तुम्ही तिला ओळखत नाही, एवढंच असेल.

साजिदा माझी मैत्रीण. रत्नागिरीत, मांडवीला, आमची घरं एकाच गल्लीत. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, ती घरी शिवणकाम करते. तिचा नवरा कतारला. पस्तिशी उलटल्यावर तिला सायकलचं वेड लागलं — ते मीच लावलं. गिअर कधी बदलायचा, चढावर श्वास कसा सांभाळायचा, सगळं मीच शिकवलं. मग नवऱ्याने सुट्टीवर येताना तिच्यासाठी रेसची हलकी सायकल आणली. माझ्यापेक्षा भारी. पण मला सायकलचा हेवा वाटला नाही. खरंच नाही.

हेवा वाटला तो तिच्या बोलण्याचा. भाट्याचा पूल ओलांडला की पावसच्या रस्त्याला चढ लागतो. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि ही शेजारून बोलत जायची — आज कालवण कशाचं, कुणाचा ब्लाउज अडून राहिलाय. बोलता बोलता पुढे निघून जायची. वर सड्यावर, सपाट माळाला पोचून माझी वाट बघत थांबायची. ते थांबणंच मला सोसत नव्हतं. तिने हिणवलं असतं तर बरं झालं असतं. पण ती हसून पाण्याची बाटली पुढे करायची. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मग एकदा तिची सायकल खड्ड्यात आदळली. तिला नुसतं खरचटलं, पण चिमट्याला तडा गेला. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे — नवे लोक फोर्क म्हणतात. कार्बनचा होता, दुरुस्त होण्यातला नव्हता. आम्ही तिच्या शिलाई मशीनशेजारी बसून फोनवर नवा शोधला. तिच्या सायकलला बसतील असे दोन सापडले. एक कार्बनचा, अगदी जुन्याच्या मापाचा. दुसरा पोलादी — जड, आणि उंचीलाही जास्त. सामान लादून लांब जाणाऱ्या सायकलींचा. तो लावला की सायकलचं तोंड वर उचललं जातं, चढावर पुढचं चाक भरकटतं. हे मला माहीत होतं. वजन, कोन, तोल — मी शिकवते काय दुसरं?

आणि कोल्हापूरच्या शर्यतीला आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमधून एकच बाई जाणार होती. आंबा घाट चढून.

"कुठला घेऊ गो?" तिने विचारलं.

"पोलादी घे. आपल्या रस्त्यांना कार्बन टिकायचा नाही. परत मोडला तर दात जातील."

"तू म्हणतेस तर तोच."

पुढे एक प्रश्न नाही. मी बोलले ते अगदीच खोटंही नव्हतं — म्हणून तर इतकं सहज निघालं. पण माझ्या स्वतःच्या सायकलला कार्बनचाच होता ना? तिच्या दातांची काळजी नव्हती मला.

नव्या चिमट्यानंतरच्या पहिल्याच चढाला ती मागे राहिली. सड्यावर थांबून मी तिची वाट बघितली — आणि किती गोड वाटलं म्हणून सांगू? ती सायकल हातात धरून चालत वर आली. म्हणाली, "चाक सरळ राहतच नाही. माझंच काहीतरी बिघडलंय." चिमट्यावर तिला संशयच आला नाही. तो मी निवडला होता ना.

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "चाळिशी आली आपली." — आपली म्हटलं. बघा, केवढी हुशारी.

शर्यतीला मी गेले. ती पहाटे निरोप द्यायला आली, नवऱ्याने पाठवलेले खजूर माझ्या खिशात कोंबले. मी ते घाटात खाल्ले. माझा नंबर आला नाही. पुढे काही महिन्यांनी तिने सायकल विकून टाकली.

गेल्या आठवड्यात माझी जाऊ पाहुणी आली होती. तिला घेऊन आम्ही दोघी रत्नदुर्गावर चालत निघालो. साजिदा मध्येच दम खायला थांबली. जाऊ म्हणाली, "तुम्ही तर सायकल चालवायचात ना?"

साजिदा हसली. "चालवायचे. पण चढ मला कधी जमलाच नाही, पहिल्यापासून. चढ म्हणजे हिचं काम."

पहिल्यापासून. ती उगाच मोठेपणा देत नव्हती मला. तिला खरंच तसं आठवत होतं. ती कशी वर जायची, हे आता फक्त मला ठाऊक आहे — मी तिच्या मागे होते.

मी म्हटलं, "सावकाश चल, घाई नाही." आणि पुढे झाले.