हिरव्या बेस गिटारसाठी सातारा ते उलवे

दोन दिवस पनवेलला चाललेय म्हटल्यावर लॅबमधल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि पुढे कुठे?" पुढे गोवा असतं, अलिबाग असतं, गेलाबाजार माथेरान असतं. नुसतं पनवेल कोणाचंच नसतं. मी म्हटलं, पुढे उलवे, आणि तिथून घरी. "उलव्यात काय आहे?" "एक गिटार आहे." माझ्या डोक्यावर परिणाम झालाय हे त्यांनी फार पूर्वीच मान्य केलंय.

ब्लॉगवर पहिल्यांदाच आला असाल तर सांगते. मी दिवसा रक्त-लघवी तपासते आणि उरलेल्या वेळात बेस गिटार बनवते, मोडलेल्या दुरुस्त करते, अदलाबदल करते. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण थांबली की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. आजवर माझ्या हातून चौदा झाल्या. त्यातली पहिली मी आणि अण्णांनी मिळून केली होती, बारा वर्षांपूर्वी.

अण्णा म्हणजे माझे वडील. पेशाने शिंपी. त्या वर्षी माझी पुण्यातली नोकरी गेली होती, ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि मी घरी येऊन चार महिने खोलीत पडून होते. एक दिवस उठून म्हटलं, मला गिटार बनवायचीय. अण्णांनी का, कशाला, काही विचारलं नाही. दुकानातल्या कटिंगच्या टेबलाची सागवानी फळी काढून दिली आणि स्वतः प्लायवर कापड कापायला लागले. गिटारचा आकार त्यांनीच कागदावर काढला. खालची खाच अशी वळवली होती की कोणीही शिंपी ओळखेल, ब्लाऊजचा मुंढाच तो, काखेची गोलाई! मी इंटरनेटवरून आकडे वाचायचे आणि अण्णा गळ्यातली टेप लावून पट्टीवर खुणा करायचे. बोट कुठे दाबायचं ते ठरवणाऱ्या त्या धातूच्या बारीक आडव्या काड्या, फ्रेट म्हणतात त्यांना, त्यांच्या खुणा. वर हिरवा रंग दिला. तारा चढवल्या. आणि गिटार बेसूर निघाली. मोकळी तार बरोबर, पण बोट जसजसं पुढे न्यावं तसा सूर चढत जायचा.

मी अण्णांवर काय भडकले होते! "तुमच्या त्या ताणलेल्या टेपने वाट लावली सगळ्याची. ब्लाऊज शिवा तुम्ही!" असं म्हणाले. महिन्याभरात ती गिटार शोभेची वस्तू म्हणून कोणाला तरी विकूनही टाकली. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. बेस खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एक फोटो आला, 'हाताने बनवलेली, वजनदार, हलक्या बेसबरोबर बदली चालेल, उलवे.' हिरवा रंग आणि तो मुंढा पाहिला आणि माझा चहा गार झाला. मला ती परत हवी होती. बेसूर तर बेसूर, भिंतीवर टांगेन, पण अण्णांचा हात लागलेली ती घरात हवी.

शनिवारी सकाळची पनवेलची एसटी पकडली. बदल्यात द्यायला माझी चौदावी, सगळ्यात हलकी बेस पाठीवर. कंडक्टरने पिशवीकडे बघितलं. "तुम्हाला अर्धं तिकीट मॅडम. हिला कुठली सवलत?"

"ही पण बाईच आहे."

"मग आधार कार्ड काढा तिचं."

अख्खी गाडी हसली. शेवटी त्यानेच पिशवी मागच्या सीटला सुतळीने बांधून दिली आणि घाटात दोनदा मागे वळून बघितलं. कोणी वाद्य घेऊन एसटीने जाणार असाल तर मागची सीट धरा, आणि तारा सैल करून ठेवा. घाटातल्या हादऱ्यांनी मान वाकू शकते, गिटारची आणि आपलीही.

दुपारी पनवेल. स्टँडजवळ नऊशे रुपयांत खोली मिळाली, पंखा जोरात, चादर स्वच्छ, तक्रार नाही. संध्याकाळी तळ्याकाठी फिरले आणि एका खानावळीत सुरमईची थाळी घेतली. शेजारच्या टेबलावर दोन माणसं गुंठ्याच्या भावावरून इतकी तावातावाने बोलत होती की त्यांची सोलकढी तशीच राहिली. इथे कोणत्याही टेबलावर कान द्या, गुंठा ऐकू येतोच. सोलकढी मात्र प्याच.

रविवारी सकाळी उलव्यासाठी रिक्षा केली. चारशे म्हणाला, साडेतीनशेवर आला. गव्हाण फाट्याच्या बाजूला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली असते, त्यामुळे आठच्या आत निघालेलं बरं. मग विमानतळाची न संपणारी भिंत, मग उलव्याचे टॉवर, अर्धे राहते आणि अर्धे हिरव्या जाळीत गुंडाळलेले. त्यांच्या मागे एकदम गाव सुरू होतं. तीनमजली घरं, दारात तुळस, ओट्यावर सुकत घातलेला जवळा. भालूदादा रस्त्यावरच उभे होते. पन्नाशीचे, गळ्यात जाड साखळी, उजवा खांदा जरा उतरलेला.

"सातारवाल्या ना तुमी? या, या. एवढ्या लांबून बाईमाणूस येईल असं वाटलं नवतं आमाला."

भालूदादांची शेती विमानतळात गेली. आता दोन टेम्पो आहेत, आणि लग्नाच्या सीझनला ते हळदीच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतात. हळद म्हणजे इकडे सहा-सहा तास उभं राहायचं. "नऊ वर्सं हिच्यावरच वाजवतोय. पण आता खांदा गेला. डॉक्टर बोलला, वजन घ्यायचं नाय. नायतर हिला कोण देतंय ओ?"

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "वाजवता? हिच्यावर?"

"मंग काय टांगून ठेवायला हाय?"

कल्पनावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आतून हिरवी बेस आणली. रंग कडेने उडालेला, मुंढा बोटं लागून गुळगुळीत झालेला. मी मांडीवर घेतली. हात सवयीने कामाला लागले. सूर दाखवणारं छोटं मशीन चिमट्याने लावलं, मोकळी तार छेडली, मग बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं. तिथे तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. आमच्या वेळी तो कानाला टोचण्याइतका चढायचा. मशीनचा काटा मधोमध थांबला. दुसरी तार, तिसरी, चौथी. सगळीकडे मधोमध.

"दादा, फ्रेट बदलून घेतल्यात का?"

"नाय बा. फ्रेट हायेत तशाच. घोडी मागं सरकवली फक्त." घोडी म्हणजे तारांचं खालचं टोक जिच्यावर टेकतं ती पट्टी. आम्ही शौकीन लोक ब्रिज म्हणतो. "माझा बाबा भजनात तंबोरा धरायचा. सूर बसत नसला का पयली घोडी हलवायचा. मीपन तेच केलं, जराशी मागं घेतली तर बाय एकदम सुरात! बनवली ज्याने त्याचं माप लय पक्कं होतं. एक फ्रेट इकडची तिकडं नाय."

मी बॅगेतून स्टीलची टेप काढली आणि मोजलं. घोडी जिथे मी बसवली होती तिथली जुनी भोकं पुट्टीने भरलेली दिसत होती. बरोबर चौतीस इंचांवर. आताची घोडी त्यापासून पाव इंचाहून थोडी जास्त मागे.

मला सगळं उलगडलं. अण्णांची टेप ताणलेली होती, हे खरंच. तिचा प्रत्येक इंच केसभर मोठा. पण सगळ्या फ्रेट त्याच एका टेपने मापलेल्या, म्हणून त्या आपापसात अचूक होत्या. घोडी मात्र अण्णा दुकानात गेले असताना मी बसवली, हार्डवेअरवाल्याकडून आणलेल्या नव्या कोऱ्या स्टीलच्या टेपने. घोळ तिथे झाला होता. चौदा गिटारी बनवणाऱ्या बाईला हे बारा वर्षांत सुचू नये? सुचलं नाही, कारण मी परत कधी मोजलंच नाही. अण्णांचं चुकलं हे एकदा ठरवून मोकळी झाले होते. आणि त्या भांडणात अण्णा हळूच म्हणाले होते, "तू दुसरी टेप कुठून आणलीस?" मला वाटलं, विषय टाळतायत.

मी त्या ओट्यावर भोकाड पसरून रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. भालूदादा बिचारे घाबरून गेले, "काय मोडलं काय?" वहिनींनी त्यांना आत पिटाळलं आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या. मी हुंदके देत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा बाबा पन असाच गेला. एक गोष्ट बोलायची राहिली."

जेवल्याशिवाय सुटका नव्हती. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, बोंबलाचं कालवण. वाढता वाढता वहिनींनी दादांनाही अण्णांचं सगळं सांगितलं. जेवणानंतर भालूदादांनी माझी चौदावी गळ्यात अडकवली, हळदीच्या ठेक्यात दहा मिनिटं वाजवली आणि खांदा फिरवून बघितला. "हलकी हाय. पिसासारखी." मग हिरवीच्या मुंढ्यावरून दोनदा हात फिरवला. वरचे पैसे देऊ का विचारलं तर चिडलेच. "बापाची वस्तू हाय तुमची. न्या. फक्त घोडी हलवू नका."

परतीच्या एसटीत ती मांडीवरच घेतली. खरंच जड आहे हो, पुण्यापर्यंत पाय बधिर झाले. दोन दिवसांचा सगळा खर्च अडीच हजारांच्या आत गेला, ज्यांना हिशोब हवा असतो त्यांच्यासाठी सांगते. पनवेलमध्ये बघण्यासारखं काय आहे हे विचाराल तर मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी आईसमोर गिटार ठेवली. तिने पदराने धूळ पुसली, धूळ नसतानाही. मी सांगितलं, "आई, अण्णांचं माप बरोबर होतं. चूक माझी होती. मी उगाच त्यांना नाही नाही ते बोलले."

"त्यांना माहीत होतं," आई म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"अगं, तीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. दोन टेपांचा घोळ त्यांना कळणार नाही होय? त्याच दिवशी मला म्हणाले, पोरीने घोडी वेगळ्या टेपने ठोकलीय. मी म्हटलं, मग सांगा की तिला, तुम्ही का ऐकून घेताय? तर म्हणाले, चार महिन्यांनी खोलीतून बाहेर आलीय ती. तुझं चुकलं म्हटलं तर परत आत जाऊन बसेल. राहू दे, चूक माझीच राहू दे."

मी खरोखरच परत आत गेले नव्हते. पुढच्याच आठवड्यात दुसरी गिटार करायला घेतली होती. तिचं लाकूडही अण्णांनीच सायकलवरून आणून दिलं होतं, आणि मी त्यांच्याशी धड बोलतही नव्हते.