दोन ताटांतलं मीठ

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे मिरचीबाई म्हणत, कारण राग कायम तिच्या नाकावर असायचा. रक्तदाबाच्या संशोधनासाठी ती दोन तऱ्हेचं जेवण रांधायची. अर्ध्या रुग्णांना अळणी, अर्ध्यांना नेहमीचं. जेवणं झाली की ताटात उरलेलं अन्न काट्यावर तोलायचं. पण ताटं रोज चाटूनपुसून परत यायची आणि डॉक्टरीणबाई खूश व्हायच्या.

एके दुपारी मिरचीबाई पाण्याचा जग घेऊन वॉर्डात शिरली आणि दारातच थबकली. म्हाताऱ्या ट्रकचालकानं आपली मिठाची भाजी शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याच्या अळणी भाजीत कालवली होती आणि दोघं एकाच ताटात जेवत होते.

"अक्कल गहाण टाकलीत का?" ती कडाडली. "सगळ्या अभ्यासावर पाणी फिरवलंत! कोणाला काय मानवलं, ते आता कसं कळायचं?"

ट्रकचालक म्हणाला, "बाई, यानं समोर बसून अळणी गिळायचं आणि मी मिटक्या मारत खायचं? घास उतरत नाही घशाखाली."

"उतरवा!" तिनं ताट ओढून घेतलं आणि तडक जाऊन डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं.

संध्याकाळी घरीही ती धुमसतच होती. नवऱ्यालाही रक्तदाब होता. तिनं त्याच्यापुढे अळणी ताट ठेवलं, स्वतःला झणझणीत भाजी वाढून घेतली आणि समोर बसली. तो मान खाली घालून जेवू लागला, गेली कित्येक वर्षं जेवायचा तसाच.

तिचा घास हातातच राहिला.

"अहो," ती त्याच्यावरच खेकसली, "इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?"