बहाव्याखालची सभा

गेल्या वैशाखात वळवाच्या वाऱ्यानं आमच्या सांगलीतल्या कॉलनीचा जुना शिरीष आडवा केला. त्याच्या सावलीत हातगाडी लावून इस्त्री करणाऱ्या मावशींचं छप्परच गेलं. हातात कोळशाची इस्त्री, डोक्यावर ऊन. "दोन्हीकडनं भाजतीय बगा," त्या म्हणाल्या.

नवं झाड ठरवायला समिती नेमली गेली. अध्यक्ष मी. मला झाडांतलं कळतं असा कुणाचाच गैरसमज नव्हता. पण मला नेमलं नसतं तरी मी बोललोच असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी बहावा निवडला. अभ्यास म्हणाल तर मोबाइलवर एक फोटो पाहिला होता. पिवळीधमक झुंबरं!

"त्येची सावली पडंल का, दादा?" मावशींनी विचारलं.

"मावशी, सावलीचं काय घेऊन बसलात? सौंदर्य बघा!" हे मी पंख्याखाली उभा राहून म्हणालो.

सगळ्यांना पटवायचं म्हणून रविवारी मी समितीला आणि मावशींना मिरज रस्त्यावरच्या एका फुललेल्या बहाव्याखाली नेलं. तेही भर बारा वाजता, कारण तेव्हा फुलं झळाळतात. मी हात पसरले, डोळे मिटले आणि सुरू झालो. बऱ्याच वेळानं टाळ्यांसाठी थांबलो. टाळी नाही. डोळे उघडले तर समोर कोणीच नव्हतं.

सगळी मंडळी रस्त्यापलीकडच्या करंजाखाली उभी होती. "चालू द्या, चालू द्या!" आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार ओरडले. "हितनं आवाज झकास येतोय!"

मावशी पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "आवं, आमच्या कडेगावच्या बांधाला हाय की बहावा. ऊन वाढलं की पानं टाकतंय. गुरंबी बसत न्हाईत त्येच्याखाली."

अध्यक्ष या नात्यानं मी आणखी दोन मिनिटं एकटाच उभा राहिलो. मग टाळू तापली आणि मी रस्ता ओलांडला. करंजाखाली लय गार होतं हो! ठराव तिथंच झाला: करंज. सूचक अर्थातच मी.

मृगात रोप लावलं. गुडघ्याएवढं. त्याच्या सावलीत जेमतेम एक चप्पल मावली असती.

"ह्ये मोठं हुईस्तवर मी कुठं उभी ऱ्हाऊ?" मावशींनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी एका वाक्यात आटोपलं: "माझ्या पोर्चमध्ये लावा गाडी."

तेव्हापासून मावशींची गाडी पोर्चमध्ये आणि माझी मोटार उन्हात. स्टिअरिंगला हात लावला की मला बहावा आठवतो. करंज आता कमरेएवढा झालाय, यंदाच्या चैत्रात त्याला कोवळी पानंही आली. मावशी रोज त्याला कळशीभर पाणी घालतात आणि मी फाटकाशी दिसलो की हाक मारतात, "दादा, लई हळू वाढतंय ह्ये. तुमी जरा भाषण द्या की त्येला. आमच्यागत पळून तरी जायचं न्हाई!"